चार बोटं

एका गावात एक नियम होता. बाईने ओळंब्याला हात लावायचा नाही. वाळू चाळावी, सिमेंट कालवावं, ब्लॉक डोक्यावरून वाहावेत. ओळंबा मात्र पुरुषाचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत उभी आहे की कलली आहे, ते तो सांगतो. बाईने का धरायचा नाही, हे विचारायचं नाही. हाही नियमच होता.

त्या गावात सगुणा नावाची तरुण मुलगी आपल्या विधवा आईबरोबर राहत होती. घर अगदी रस्त्यालगत, आणि न्हाणीला भिंत नव्हती. दोन खांबांना जुनं लुगडं बांधून आई आडोसा करी आणि उजाडायच्या आत अंघोळ उरकी. थंडीत कुडकुडत म्हणे, "एकदा उन्हात बसून डोक्यावरून पाणी घ्यायचंय गं."

तात्या गावचे सर्वांत जुने गवंडी, आणि पंचांमध्ये थोर. भिंतीचं विचारलं की म्हणत, "दिवाळीनंतर बघू." अशा तीन दिवाळ्या गेल्या.

सगुणाने शहरातल्या बांधकामांवर पाच वर्षं घमेली उचलली होती. डोळे उघडे ठेवून उचलली होती. तिने ब्लॉक आणले, देवळातल्या खुंटीवरचा गावचा एकमेव ओळंबा उतरवला आणि चार दिवसांत भिंत बांधली. सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. दोरी आणि भिंत यांत केसाचंही अंतर नव्हतं.

पाचव्या दिवशी तात्या पंचांना घेऊन आले. भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही.

"ओळंबा कुणी उतरवला?"

"मी."

"हात झडतील तुझे!"

"घमेली उचलून झडले नाहीत, तात्या. मग हे तर अर्धा किलो पितळ."

पंचांनी भिंत पाडायला लावली. ओळंबा बाटला म्हणून तो सव्वा महिन्यासाठी नदीत बुडवून ठेवला. मग विधवेची भिंत पाडली म्हणून गाव नावं ठेवील, या भीतीने तात्यांनी त्याच ब्लॉकांची भिंत स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिली. ओळंबा नदीत होता. म्हणून नुसत्या नजरेने बांधली.

सगुणाने सुतळीला लोखंडी नट बांधला आणि भिंतीला लावून पाहिला. "तात्या, भिंत चार बोटं आत झुकलीय."

"तुझी अक्कल झुकलीय. चाळीस वर्षं भिंती बांधतोय मी."

"मग माझं ऐकू नका. सुतळी काय सांगते ते बघा."

आईने तात्यांपुढे हात जोडले आणि लेकीला दटावलं, "गप गं! थोरांनी बांधलीय. आपण नावं ठेवू नयेत."

सगुणा गप्प बसली. तिची चूक झाली ती एवढीच.

आईने नऊ दिवस उन्हात अंघोळ केली. रोज केस मोकळे सोडून ती पोरीसारखी हसे. अंघोळीच्या पाण्याने भिंतीखालची माती रोज भिजत होती. दहाव्या दिवशी भिंतीवर टाकलेलं लुगडं तिने खाली ओढलं. लुगड्याबरोबर भिंतही आली. सगुणाने एकेक ब्लॉक हाताने उचलला. आईला बाहेर काढलं, तेव्हा तिच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. श्वास नव्हता.

तेराव्याला पंच जमले. तात्या म्हणाले, "ओळंब्याला बाईचा हात लागला, त्याचंच हे फळ. देवापुढे नारळ ठेव, चूक कबूल कर. आम्ही तुला नवी भिंत बांधून देऊ."

सगुणा उठली. न्हाणीचा एक कोपरा अजून उभा होता. तिने त्याच्या माथ्यावरून सुतळीचा नट सोडला. सुतळी सरळ खाली आली. भिंत मात्र सुतळीपासून खाली खाली दूर होत गेली. पायथ्याशी सगुणाने मधल्या जागेत आपली चार बोटं घातली. ती बरोब्बर बसली.

"नारळ ठेवणार नाही," ती म्हणाली. "आणि भिंतही नको. आता तिच्याआड अंघोळ कोण करणार?"

तात्यांनी सुतळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आता पाहून सगुणाची आई परत येणार नव्हती.

तात्पर्य: ज्या नियमाला प्रश्न विचारू देत नाहीत, तो आतून कललेला असतो, आणि कोसळतो तेव्हा नियम करणाऱ्यांवर पडत नाही, हात जोडून पाळणाऱ्यांवर पडतो.