अर्धी दाढी आणि चूलबंद यादी

राजा खड्गसेनाची अर्धी दाढी झाली होती आणि अर्धी बाकी होती! न्हावी वस्तऱ्याला धार लावायला वाड्याबाहेर गेला, आणि त्याला परत आत सोडायचं म्हणून द्वारपाल तुळाजी सकाळपासून त्याचं नाव यादीत शोधत होता.

ही यादी महाराजांचीच हौस. दारावर रोज नाही नाही ते लोक यायचे. कुणी टकलावर केस उगवणारं तेल विकायचा, कुणी सांगायचा, "दूरदेशीचा सावकार वारला, त्याचे मोहरांचे हंडे आपल्या नावे ठेवून गेलाय!" महाराज वैतागले. यादीत नाव असेल त्यालाच आत सोडा म्हणाले. मग राणीसाहेबांनी अख्खं माहेर यादीत घातलं, प्रधानांनी मेहुणे घातले. यादी वेशीपर्यंत लांबली.

"तुळ्या!" राजा गालावरचा फेस पुसत ओरडला. "संध्याकाळच्या आत ही यादी विड्याच्या पानावर मावली पाहिजे! एकही नाव खोडायचं नाही, नाहीतर राणीसाहेब रुसतील. जमलं नाही तर तुझीही अर्धीच भादरून गाढवावर बसवीन!"

तुळाजी रडकुंडीला येऊन घरी गेला. त्याची बायको येसू पान लावत बसली होती.

"अहो, गावजेवणाचं आवतण देताना घरातल्या एकेकाचं नाव घेता का? चूलबंद, म्हणजे घरची चूल बंद ठेवून सगळ्यांनी या, म्हणता आणि मोकळे होता ना!" असं म्हणत तिने हातातल्याच पानावर चुन्याच्या बोटाने लिहिलं: 'राणीसाहेबांचं माहेर, प्रधानजींचं घर, वाड्याचा मुदपाकखाना. चूलबंद.'

तुळाजी पान आणि येसू दोघांना घेऊन वाड्याच्या दारात राजापुढे आला. पान बघून प्रधान खेकसले, "वा! उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मी प्रधानांच्या घरचा!"

"येऊ द्या की!" येसू म्हणाली.

दारात तिघे उभेच होते. तिघेही म्हणे प्रधानांचे मेहुणे! येसूने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "प्रधानजींकडे आज काय शिजलं?"

"श्रीखंड-पुरी!" पहिला म्हणाला.

"कोंबडीचा रस्सा!" दुसरा म्हणाला. त्याच्या काखेतून केसांच्या तेलाची बाटली डोकावत होती.

तिसरा ओशाळला. "काही नाही हो. ताई रुसलीय, चूल पेटलीच नाही."

प्रधानांचा चेहरा पडला. "हाच आमचा," ते पुटपुटले.

मग वाड्यातच जेवणाऱ्या न्हाव्याची पाळी आली. "मुदपाकखान्यात काय शिजलं?"

"महाराजांना बासुंदी, आम्हाला पाणचट आमटी!"

"खरंय, खरंय! घ्या आत!" राजा घाईने म्हणाला. मग त्याने भुवया उंचावल्या. "पण येसू, उद्या मीच बाहेरून आलो तर? आमच्या चुलीवर काय शिजतं ते मला ताटात पडेपर्यंत कळत नाही. मला कशी ओळखशील?"

"महाराज, तुम्हाला कशाला विचारायचं? अर्धी दाढी अख्ख्या राज्यात एकाचीच आहे!"

राजा पोट धरून हसला. गळ्यातली मोत्यांची माळ त्याने येसूच्या ओंजळीत टाकली, आणि उरलेली अर्धी भादरून घ्यायला न्हाव्याला ओढत आत पळाला.