अर्ध्या गाण्याचा जोडीदार

एक होतं बेट, नि त्या बेटाला होता एक राजा. बेट एवढंसं, म्हणून राजाही एवढासाच, बरं का. त्याची लेक केवडा. ए चिंगे, पाय पांघरुणात घे, मग पुढे सांगते.

तिथल्या उंडीच्या झाडावर सांजकंठी नावाची पाखरं राहायची. त्यांचं गाणं जोडीचं. अर्धं मादीनं गायचं नि थांबायचं, मग उरलेलं नरानं. पण वादळं आली, झाडं पडली, पाखरं गेली. सगळ्या जगात एकच मादी उरली. रोज दिवेलागणीला ती अर्धं गाणं गायची नि वाट बघायची. कोण येणार? मग तिनं खाणंच सोडलं. केवडाला रडू आवरेना. ती म्हणाली, "बाबा, ही अशानं मरेल."

मग राजानं पोपट आणला. त्या शहाण्यानं तिचंच अर्धं तिला परत म्हणून दाखवलं. मग बासरीवाला आणला. तो एकदा सुरू झाला तो थांबेचना. मग राजाही थकला.

झाडाखाली खडकात एक डबकं होतं. त्यात राहायचा एक ऑक्टोपस. आठ हात, तीन काळजं, आवाज मात्र मुळीच नाही. त्या संध्याकाळी सांजकंठी गायली नि थांबली. तसा ह्याच्या अंगावर रंग चढला. तांबूस, मग जांभळा, मग पांढराशुभ्र. रंग उतरला तशी ती पुन्हा गायली. मग पुन्हा रंग. मग ती खाली आली नि केवडाच्या हातातलं जांभूळ तिनं खाल्लं.

आता राजाला नसती हौस. सरस कोण, जुना नर की हा ऑक्टोपस? दरबारी हात मोजायला लागले, पंख आठवायला लागले. केवडा म्हणाली, "तुलना कशाला बाबा? तो गायचा. हा ऐकतो."

पुढे सांजकंठी म्हातारी होऊन गेली. तसलं पाखरू आता जगात कुठेच नाही. मला फार वाईट वाटतं गं. पण ऑक्टोपसची पिल्लं तिथेच आहेत. दिवेलागणीला सगळं बेट बोलायचं थांबतं. तिचं अर्धं गाणं जो तो मनात म्हणतो, नि कोणी न शिकवता डबक्यात रंग चढतो. केवडा सुखात राहिली, बेटही राहिलं.

माझं अर्धं झालं. मिटा डोळे, उरलेलं तुम्ही झोपेत बघा.