शेवंताला सातवं पत्र

"म्हाराज, आता तरी टाकू का पेटीत?"

तायाप्पा सणगराने पोस्टकार्ड पुढे धरलं. हे सातवं. आधीची सहा मठाच्या सोमगिरी बुवांनी वाचून नुसती परत दिली होती.

बुवांनी हेही सावकाश वाचलं. अक्षर वळणदार होतं, नावं ठेवायला जागा नव्हती.

"कुणाला लिहिलंयस?"

"लेकीला. शेवंताला. सांगलीला असती."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, ग्रामपंचायतीची नोटीस आहे."

ओसरीवरचा वर्ग हसला. तायाप्पाला ते झोंबलं.

झोंबणारच. मठाच्या ओसरीवर दुपारी भरणाऱ्या या प्रौढांच्या वर्गात त्याच्याइतका हुशार दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला कळली होती. शेजाऱ्याच्या पाटीत डोकावून तो चुका काढी. सख्ख्या बायकोलाही त्याने सोडलं नव्हतं. मालन बिचारी निमूट पुसून परत लिही.

दोन वर्षांपूर्वी या दोघांचं घर जळालं. घोंगड्यांचा माग गेला, वर्षाची लोकर गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी ती रस्त्यावर आली. पण गाव करी ते राव न करी म्हणतात, ते काही खोटं नाही. धनगरांनी कातरणीतली लोकर दिली. कुणी वासे आणले, कुणी पत्रे. मागाचा खड्डा तर चार आळ्यांनी मिळून खणला. बुवांनी घर उभं राहीपर्यंत मठात आसरा दिला आणि एकच अट घातली, नवराबायकोने वर्गाला बसायचं.

सगळं परत आलं. शेवंता तेवढी आली नाही.

ती पहाटे उठून चिमणीच्या उजेडात पुस्तक वाचायची. त्या दिवशी ती पाण्याला गेली आणि मागे घर पेटलं. अख्ख्या गावासमोर तायाप्पा तिला म्हणाला होता, तुझ्या पुस्तकानं माझं घर खाल्लं. आठ दिवसांनी पोर मामाबरोबर सांगलीला गेली आणि तिथे एका दवाखान्यात काम करत शिकू लागली.

आता मागावर बसलेल्या तायाप्पाला एसटीचा हॉर्न ऐकू आला, की विणायचा धोटा हातातच राहायचा. गाडी पुढच्या गावाला निघून जाई, तरी बराच वेळ तो तसाच बसे. ताटावर बसला की त्याला लेक हवी असे. सुताची खळ शिजवताना हवी असे. तिने एकदा म्हटलं होतं, आबा, तुम्हाला सही शिकवू का? तेव्हा तो तिला हसला होता. ते आठवलं की तो ताट बाजूला सारी.

वर्गाची एक रीत होती. पत्र पेटीत टाकण्याआधी ते सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं.

"वाच," बुवा म्हणाले.

तायाप्पा उभा राहिला. छाती काढून वाचू लागला.

"चिरंजीव शेवंता हीस अनेक आशीर्वाद. घर बांधून झाले. माग बसवला. तुझी आई खुशाल आहे. तुझ्या हातून जे झाले, त्याची मी तुला माफी दिली आहे. तरी मागचे विसरून ये."

बुवांनी आपली पाटी आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"तिच्या हातून काय झालं, ते इथे लिही. तीनच शब्द आहेत. शेवंतानं घर जाळलं."

तायाप्पा खाली बसला. लिहू लागला.

शेवंतानं...

घर...

पेन्सिल थांबली.

मालन आपल्या पाटीकडे बघत होती.

"लिही."

तायाप्पा पेन्सिलीचं टोक चाचपत राहिला.

"अवघड जोडाक्षर नाही त्यात."

तायाप्पाने पेन्सिल खाली ठेवली. पाटीकडे बघूनच तो बोलला.

"चिमणी कोनाड्यात हुती, म्हाराज. इझवून ठिवल्याली. राखंत मलाच घावली... मी ती हिरीत टाकली."

"मग आग?"

"सुताला लावायची खळ शिजवली हुती मी. चुलीतल्या इस्तवावर पाणी वतायचं ऱ्हायलं... बाजूलाच लोकर हुती."

ज्याने लोकर दिली होती तो म्हातारा धनगर समोरच बसला होता. त्याने मान फिरवली. मालनने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

तायाप्पाने पोस्टकार्डाच्या चार घड्या केल्या.

"ह्ये आता तिला कसं लिवू? सगळी बाराखडी पाठ हाय मला. पण ह्ये लिवायला अक्षरं येत न्हाईत, म्हाराज. तुमी शिकवा."

बुवांनी त्याच्या मांडीवरची पाटी ओढून घेतली. ते दोन शब्द तळहाताने पुसले.

"मलाही येत नाहीत," ते म्हणाले. "ज्या पोरीला येतात, तिचा पत्ता तुला ठाऊक आहे. कार्ड नको, तूच जा."