पहिलं वाटण

"माझं कुणी खरं धरलं नाही. एका बाईनंसुद्धा नाही. तू तरी धरशील का नाही?"

आई भाकरी थापत होती. थापत राहिली.

माझी आई तिम्मव्वा. घासून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नी-हातोडीनं टाकी लावायची. तीस वर्षं, आसपासच्या चार गावांत. मी तिच्याकडूनच शिकले. माझा हात तिच्यापेक्षा चांगला, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

"ओरडू नको. काय झालं ते सांग."

सांगितलं. जगदाळ्यांच्या पाट्याला मी टाकी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं साखरपुडा. त्यांच्या धाकट्या सुनेनं, सुलभानं, त्याच पाट्यावर पुरण वाटलं. व्याह्यांच्या दाढेखाली खडा आला. दाढ तुटली. माणूस भरल्या ताटावरून उठला.

आता अख्खी गल्ली माझ्या नावानं बोटं मोडत होती. मी दारात दिसले की बाया पाटा आत ओढायच्या.

"सुलभाला मी बजावलं होतं. पहिलं वाटण मिठाचं कर अन् फेकून दे, म्हणजे दगडाची कच निघून जाते. तिनं केलं नाही. वर सासूपुढं म्हणते, केलं होतं. खोटारडी!"

"मग?"

"मग तू चल. तुझं लोक ऐकतात. चारचौघांत तिचं नाव घे."

"तिचं नाव घेतल्यावर पाट्यातली कच निघंल?"

आईनं तवा उतरवला. आमच्या घरच्या पाट्याला मी त्याच सकाळी टाकी लावली होती. तो तिनं पुढं ओढला. मूठभर खडे मीठ घेतलं, दोन मिरच्या घेतल्या, वाटलं. गोळा माझ्या भाकरीवर ठेवला.

"खा."

"हे पहिलं वाटण आहे."

"व्हय."

"यात कच असणार."

"कुणाच्या हातची?"

मी भाकरीला हात लावला नाही.

तिनं बोटावर घेतलं, स्वतःच्या तोंडात घातलं. करकर मला चुलीपाशी ऐकू आली. चूळ भरून ती परत वाटायला बसली. ते वाटणही तोंडात घातलं. परत करकर. मग तिसरं.

तिसऱ्याला आवाज आला नाही.

तेव्हा मला आठवलं. काम झालं की दर घरी ती मीठ मागायची. वाटायची, चाटायची, परत वाटायची. मगच छिन्नी पिशवीत टाकायची. मी शेजारीच बसलेली असायचे, कंटाळलेली.

"मला वाटायचं, तुला भूक लागते."

"मिठानं भूक भागती व्हय गं?"

"मग सांगायचं नाही का मला? कधी तोंडानं बोललीस?"

"नाही बोलले." तिनं पाट्यावरचं उरलंसुरलं मीठ बोटानं गोळा केलं.

"उद्या जगदाळ्यांकडं जा," ती म्हणाली. "मीठ माग. करकर थांबेस्तोवर वाट अन् तोंडात घाल."

"दारातनं हाकलतील."

"परवा जा."

"परवाही हाकलतील."

"तेरवा जा."

तिच्या आवाजात ना राग होता ना माया. पाट्याला टाकी लावताना हातोडी जशी पडते, तसं बोलत होती.

"अन् ती म्हातारी सासू? ती सोडायची नाही. चूक कुणाची, म्हणून विचारणार. सुलभा समोरच उभी असणार. कुणाचं नाव सांगू?"

आईनं पाट्यावर पाणी ओतलं. हातानं निपटून काढलं. पाटा उचलून भिंतीला उभा केला.

"तिम्मव्वा."