वाळक्या गवताचा घास

एका डोंगराच्या कुशीतल्या जंगलात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. ओढ्याकाठच्या कुरणात वाघाची भीती फार. म्हणून दोघे सकाळी मिळेल ते गवत भराभर ओरबाडून गिळत आणि जाळीत येऊन बसत. मग तोच घास पोटातून पुन्हा तोंडात आणून हरिणी सावकाश चावत राही. मुलांनो, गोठ्यातल्या गाईला असे करताना तुम्ही पाहिले असेल. यालाच रवंथ करणे म्हणतात. शब्द जुना आहे. संस्कृतातला 'रोमंथ' लोकांच्या तोंडी घोळून घोळून 'रवंथ' झाला.

शेजारच्या रानडुकराला हे पाहून हसू येई. "खाल्लेलंच काय खात बसतेस, ताई? मी बघ, गिळलं की मोकळा." एके दिवशी असेच बोलून तो पुन्हा कुरणाकडे निघाला. पाडसाचाही जीव त्या गवतात अडकला होता. ते म्हणाले, "आई, चल ना. डुक्करमामा सगळं संपवील."

हरिणी उठली नाही. तिच्या तोंडातला घास कोवळा नव्हता, वाळका होता. हिरव्यागार कुरणात वाळके गवत आले कुठून? घास तोंडात घोळत होता, तसा हा प्रश्न मनात घोळत होता. माणसे त्यालाही रवंथच म्हणतात. कुणी आणून पसरल्याशिवाय ते गवत तिथे येणार नाही. आणि पसरले, तर कशावर? सकाळी पाडस तिथेच बागडत होते.

"दादा, थांब. तिथं कुणीतरी खड्डा खणून वर गवत पसरलंय," ती म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच," असे म्हणत डुक्कर धावत सुटला. थोड्याच वेळात काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याची किंकाळी.

खड्डा खोल होता. हरिणीने आणि पाडसाने काठाची भुसभुशीत माती खुरांनी आत लोटली. दुपार कलली तेव्हा कुठे उतार तयार होऊन डुक्कर वर आला. मग हळूच म्हणाला, "सकाळी मुळांबरोबर तेच वाळकं गवत मीही खाल्लं होतं, ताई. मला चव कळलीच नाही."

तेव्हापासून तो एकेक कंद इतका सावकाश चावू लागला, की त्याची वाट पाहून पाडस कंटाळून जाई.

तात्पर्य : जे घाईने गिळावे लागले, ते निवांतपणी पुन्हा चावून पाहावे; त्यात दडलेला धोका तेव्हाच कळतो.