परत आलेली टोपली

बालाघाटच्या डोंगरात आंबेदरा नावाचे एक गाव होते. गावातल्या बायका रेशमाच्या अळ्या पाळत. सगळ्यांची मिळून एक मोठी शेड होती आणि शेडच्या दारात गिरिजाबाई बसत.

शेतातून तुतीचा पाला आला की गिरिजाबाई तो तपासत. ओला पाला खाल्ला की अळ्या आजारी पडतात. म्हणून टोपलीत एक जरी पान ओले दिसले, तरी त्या सगळी टोपली परत करीत. रागावत नसत, ओरडत नसत. नुसते "ओलं आहे" म्हणत आणि टोपली उंबऱ्याबाहेर सरकवीत. पाला आणणाऱ्या शेवंताची टोपली तर इतक्या वेळा परत गेली होती की ती म्हणे, "या दारात साक्षात देवी आली, तरी बाई आधी तिचा पदर चाचपून बघतील."

या गावाची एक रीत होती. चैत्रात देवीच्या जत्रेला सगळे गाव डोंगरावर जाई. गुरेढोरेसुद्धा वर नेत. दिवस मावळेपर्यंत गावात एकाही माणसाने थांबायचे नसे. एरवी ऊन चढले की बायका शेडमध्ये पंखे लावीत, गोणपाटांवर पाणी मारीत. जत्रेच्या दिवशी ते कोण करणार? मोठ्या झालेल्या अळ्या पाला खातात तेव्हा शेडभर सुपात धान्य घोळल्यासारखा आवाज येतो. मागच्या जत्रेहून बायका परतल्या, तेव्हा तो आवाज थांबलेला होता. त्या संध्याकाळी गावात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

यंदा बायकांनी तालुक्याहून एक छोटे यंत्र आणले. शेडमधली उष्णता वाढली की ते आपोआप पंखे आणि पाण्याचे फवारे सुरू करणार होते. पण कधी काय करायचे, ते त्याला आधी लिहून द्यावे लागे, आणि तेही एका खास भाषेत. यंत्र विकणारा दत्ताराम ती भाषा शिकवायला तयार होता. शिकायला मात्र कोणी पुढे येईना. शेवटी गिरिजाबाई म्हणाल्या, "दार माझं आहे. मीच शिकते."

त्या भाषेची एक गंमत होती. लिहिलेले थेट यंत्राकडे जात नसे. मध्ये कंपायलर नावाचा एक तपासनीस होता. तो आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाची. सगळे ठीक असेल तरच यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देई. कुठे एवढीशी जरी चूक सापडली, तर सगळेच्या सगळे परत.

गिरिजाबाईंचे पहिले लिखाण परत आले. यंत्राच्या पडद्यावर तक्रारीच तक्रारी होत्या. बाईंनी पदराने कपाळ पुसले.

"मी लिहिल्या चार ओळी, आणि यानं गाऱ्हाणं मांडलं गावभर."

त्या खालून एकेक तक्रार निस्तरू लागल्या. इथे एक कंस घातला, तिथला एक शब्द काढला. तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या. तेवढ्यात शेवंता पाला घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिले आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून हसत उभी राहिली.

"टोपली परत आली वाटतं, बाई?"

"चेष्टा नको करू. पानोपान ओलं म्हणतोय मेला. कुठून कुठून पुसू?"

"मी पहिल्यांदा पाला आणला, तेव्हा मला काय सांगितलंत? 'वरचं पान बघ आधी. तेच ओलं असलं, तर खालच्यांना बोल लावून काय उपयोग?'"

गिरिजाबाई पडदा सरकवत सगळ्यात वर गेल्या. पहिली तक्रार एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिल्याची होती. ती ओळ संपल्याचे तपासनिसाला कळलेच नव्हते, म्हणून पुढचे सगळे त्याला वेडेवाकडे दिसत होते. बाईंनी अर्धविराम घातला. तक्रारींचा ढीगच्या ढीग नाहीसा झाला.

त्या दिवशी शेवंताची टोपलीही परत गेली. पान ओले होते.

मग निराळेच संकट आले. पंखे जरा लवकर सुरू व्हावेत म्हणून बाईंनी उष्णतेचा आकडा बदलला. पंखे आपल्या जुन्याच वेळी सुरू झाले. त्यांनी आकडा आणखी बदलला. तरी तेच. यंत्र बिघडले म्हणून त्या दत्तारामला दोन शब्द सुनावणारच होत्या, इतक्यात त्यांच्या लक्षात आले की आकडा बदलला खरा, पण बदललेले लिखाण तपासनिसाच्या दारातून पुन्हा नेलेच नव्हते. ताजा पाला उंबऱ्याबाहेर पडून होता आणि यंत्र कालचाच पाला चघळत होते. बाई स्वतःशीच हसल्या. त्यांना असे हसताना शेवंताने कधी पाहिले नव्हते.

जत्रेची सकाळ उजाडली. अळ्या पूर्ण वाढल्या होत्या, दोन-चार दिवसांत कोष विणायला लागणार होत्या. वेशीवर ढोल सुरू झाला. बाईंनी लिखाण शेवटचे तपासनिसापुढे ठेवले. त्याने ते घेतले. फक्त एक ओळ खाली लिहिली: यंत्राच्या स्मरणातल्या एका खणात काही ठेवण्याआधीच तुम्ही त्यात हात घालत आहात.

"ही काय तक्रार आहे?" बाईंनी विचारले.

"तक्रार नाही हो, नुसता इशारा आहे," दत्ताराम म्हणाला. "घेतलं ना त्यानं? मग झालं. इशारे यायचेच. नको असतील तर ते दिसायचे बंदही करता येतात."

वेशीवरून पुजारी स्वतः आला. "बाई, पालखी खोळंबलीय. सगळं गाव उन्हात उभं आहे."

चालतंय की बाई, एकच तर पान आहे, हे गिरिजाबाईंनी या दारात किती जणींच्या तोंडून ऐकले होते. आज तेच शब्द त्यांच्या स्वतःच्या ओठांवर आले होते. सगळ्या गावासमोर आपलीच टोपली परत करायची म्हणजे मान खाली जाणार. आणि वेळ निघून गेली तर पालखी अडवल्याचा ठपका आयुष्यभर.

त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "ओलं आहे."

मग त्या खाली बसल्या. वाऱ्याच्या एका झुळुकीने यंत्र फसू नये म्हणून ते आधीची उष्णता आणि आताची उष्णता यांची सरासरी काढी. आधीची उष्णता ज्या खणात ठेवायची, तोच हा खण. पण यंत्र नुकतेच सुरू झाले असेल, तर आधीची उष्णता येणार कुठून? बाईंनी यंत्राची वीज काढली आणि पुन्हा जोडली. त्या न भरलेल्या खणात कसला तरी जुना कचरा होता, यंत्राने तोच खरा मानला. पडद्यावर हिमालयातली थंडी दिसू लागली. पंखे गप्प. शेडमध्ये उभ्या माणसांच्या मात्र अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आजवर तर असं कधी झालं नाही," दत्ताराम पुटपुटला आणि चष्मा पुसू लागला.

बाईंनी एक ओळ वाढवली: यंत्र सुरू होताच खणात आताची उष्णता ठेवावी. लिखाण पुन्हा तपासनिसाच्या दारातून नेले. या वेळी त्या विसरल्या नाहीत. तपासनीस एक शब्दही बोलला नाही. वीज काढली, जोडली. पंखे घुमू लागले. बाईंनी शेडचे दार ओढून घेतले आणि पालखी हलली.

भर दुपारी देवळावरचा कर्णा मध्येच बंद पडला. वीज गेली होती. डोंगरावर गेली म्हणजे खाली गावातही गेली. थोड्या वेळाने कर्णा खरखरला आणि पुन्हा गाऊ लागला. सगळ्यांनी हात जोडले. गिरिजाबाई खाली दिसणाऱ्या शेडच्या पत्र्याकडे पाहत होत्या.

"प्रसाद तरी घ्या, बाई," शेवंता म्हणाली.

"खाली गेल्यावर."

दिवस मावळला. ढोल वाजवत गाव उतरले. शेडपाशी येताच बाईंनी हात वर केला आणि ढोल थांबला. त्यांनी कडीला हात लावला, पण त्यांच्याने ती निघेना. शेवंताने पुढे होऊन दार उघडले.

आतून गारवा आला, आणि सुपात धान्य घोळल्यासारखा तो आवाज.

मग एकेक जण दारात येऊन ऐकून गेला. ढोलवाले, पुजारी, दत्ताराम, कडेवरची पोरे. पुजाऱ्याने देवीच्या गळ्यातला हार काढून शेडच्या दाराला घातला. गिरिजाबाईंनी तेव्हा कुठे प्रसाद तोंडात घातला. काही दिवसांनी शेडमधल्या जाळ्या पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरून गेल्या. असे पीक आंबेदऱ्याने पूर्वी पाहिले नव्हते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता पाला घेऊन आली. टोपली उंबऱ्यावर ठेवून तिने वरचे पान स्वतःच उचलून पाहिले. "ओलं आहे," ती म्हणाली, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याला गप्प केल्याने चूक जात नाही. जे माप आपण दुसऱ्याच्या टोपलीला लावतो, तेच आपल्या टोपलीला लावण्याचे धैर्य ज्याला असते, त्याचेच काम तो पाठीशी नसतानाही टिकते.