शास्त्रीबुवांनी नाव घेतलं

"महाराज, चोरी! दिवसाढवळ्या चोरी! या कुंभारणीनं माझ्या कविता पळवल्या!"

राजकवी नीलकंठशास्त्री भर दरबारात मोबाइल नाचवत ओरडत होते. हो, मोबाइल! धुरंधरराजांच्या राज्यात हत्ती होते, भालदार होते आणि घरोघर नेटही होतं. समोर हात जोडून उभी होती सगुणा कुंभारीण. दिवसा ती मडकी घडवायची आणि संध्याकाळी नेटवरच्या आपल्या पानावर दोन-चार ओळी टाकायची. खाली नाव घालायची 'तुळसा'. लोक त्या ओळी आवडीनं वाचत. शास्त्रीबुवा त्याच ओळी रोज सकाळी स्वतःच्या म्हणून दरबारात गात, आणि आता तिचंच पान बंद करा म्हणत होते. चोराच्या उलट्या बोंबा!

"ओळी माझ्याच हायेत, महाराज," सगुणा म्हणाली.

"असतील! पण चव्हाट्यावर टाकल्यास ना?" राजे गुरकावले. "उघड्यावर मांडलं ते सगळ्यांचं!"

"माझी मडकीबी उघड्यावरच मांडलेली असत्यात. बघायला सगळ्यांची, उचलायला न्हाईत!"

दरबारात खसखस पिकली. राजे चिडले.

"नावाचा एवढा सोस कशाला गं तुला?"

सगुणाचा आवाज जरा ओला झाला. "माहेरची मी तुळसा, महाराज. लग्नात तांदळाच्या परातीत नवं नाव लिहिलं आन् जुनं गेलं. त्या ओळींखाली तेवढं उरलंय."

राजे जरा विरघळले. पण हट्टी माणूस! "मग सिद्ध कर! उद्या सकाळी. साक्षीदार नको. तारीखही नको. मोबाइलची तारीख तर मीही मागे नेतो, राणीसाहेबांचा वाढदिवस विसरलो की! कविता कुणाची, ते कवितेनंच सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं, तर पान बंद!"

"कविता काय बोलते होय?" शास्त्रीबुवा खो खो हसले.

"बोलंल की," सगुणा म्हणाली. घरी येऊन ती चाकापाशी बसली. चाक फिरवणाऱ्या नवऱ्याकडे बघता बघता तिला एकदम हसू फुटलं. तिनं मोबाइल उचलला आणि नव्या ओळी पानावर टाकल्या.

सकाळी दरबार भरला. नवी कविता म्हटल्याशिवाय दरबार उघडायचा नाही, असा रिवाज. शास्त्रीबुवांना स्वतःचं काही सुचेल तर शपथ! जित्याची खोड ती. त्यांनी घसा खाकरला आणि डोळे मिटून सुरू केलं:

"सोन्याच्या परातीत केशराचा सडा,
भास्कराचं नाव घेतो, भरून पाण्याचा घडा!"

"वा! काय सूर्यस्तुती!" राजे डोलले. "तुमचीच ना, शास्त्रीबुवा?"

"शब्दन् शब्द माझा, महाराज!"

तेवढ्यात सगुणा हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाली आणि थेट शास्त्रीबुवांच्या कपाळाकडे बोट नेलं.

"अगं, हे काय?" शास्त्रीबुवा दोन पावलं मागं सरले.

"लाजू नका, बाई! भर दरबारात माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंत. आजपासून तुम्ही माझी सवत!"

"कोण नवरा?"

"भास्कर कुंभार! हा उखाणा हाय, शास्त्रीबुवा. 'राव' तेवढं मी मुद्दाम गाळलं. मी 'घेते' लिहिलं, तुम्ही 'घेतो' केलं. एका मात्रेचे कवी तुम्ही! महाराज, उखाणा यांचा असंल तर नवराबी यांचा. आजच पाठवा घरी, चिखल तुडवायचा पडलाय!"

"नाही, नाही!" शास्त्रीबुवा किंचाळले. "हा उखाणा हिचा! सगळ्या ओळी हिच्याच!"

राजे हसता हसता सिंहासनावरून घसरायचेच बाकी होते. भालदारानं भाला टेकून हसून घेतलं. "बोलली! कविता बोलली!" डोळे पुसत राजे ओरडले. "आणा रे सोन्याची परात! तांदूळ पसरा तिच्यात!"

परात आली.

"हं, शास्त्रीबुवा, हातातली अंगठी काढा आणि लिहा."

शास्त्रीबुवांनी मान खाली घालून तांदळात अंगठीनं लिहिलं, 'तुळसा'.

"या राज्यात हिच्या ओळी ज्यानं म्हणाव्यात, त्यानं आधी हे नाव घ्यावं!" राजे म्हणाले. "परात तुझी, तुळसाबाई. आणि ती अंगठीही, सवतीकडून आहेर!"